मृताची अनुमती : ‘दुसऱ्या संधी’च्या प्रणयकादंबऱ्या आणि आपली समीक्षा

जनप्रिय प्रणयकादंबरीविषयी आपल्या समीक्षेत दोनच सूर ऐकू येतात आणि आता ते दोन्ही सवयीचे झाले आहेत. पहिला जुना आहे. ही कादंबरी रंजनपर, तिचा शेवट आधीच ठरलेला, तिची भाषा वापरून गुळगुळीत झालेली. तेव्हा गंभीर समीक्षेने तिच्यावर शब्द खर्च करण्याचे प्रयोजन नाही, असे तो सांगतो. दुसरा सूर सांस्कृतिक अभ्यासाच्या वाटेने आला. वाचक निष्क्रिय नसतो, स्त्रीवाचक तर नसतेच, ती संहितेशी वाटाघाट करीत असते, असे म्हणून तो तानिया मॉडलेस्की (१९८२) आणि जॅनिस रॅडवे (१९८४) यांच्या ग्रंथांकडे बोट दाखवितो. पहिल्या पक्षाने कादंबरी वाचलेली नसते. दुसऱ्या पक्षाला ती वाचण्याची गरज वाटत नाही, कारण वाचणारी व्यक्ती हाच त्याच्या अभ्यासाचा विषय असतो. परिणाम असा की आमच्या विद्यार्थिनींच्या पिशव्यांत कॉलीन हूवर असते आणि प्रश्नपत्रिकेत ‘जनप्रिय साहित्याची वैशिष्ट्ये सांगा’ हा प्रश्न असतो. या दोहोंची गाठ कधी पडत नाही.

गेल्या वीसएक वर्षांत इंग्रजीत बहरलेल्या आणि आपल्याकडेही मोठ्या प्रमाणावर वाचल्या जाणाऱ्या एका विशिष्ट कादंबरीप्रकाराविषयी येथे लिहावयाचे आहे. त्यास ‘दुसऱ्या संधी’ची प्रणयकादंबरी म्हणतात. दुरावलेली माणसे पुन्हा भेटतात, किंवा जोडीदार गमावलेली व्यक्ती पुन्हा प्रेम करू लागते. दोहोंच्या मध्ये एक मृत्यू असतो आणि त्या मृत्यूभोवती एक कुटुंब असते. या कादंबऱ्या शोकाविषयी गांभीर्याने बोलतात, अशी त्यांची ख्याती आहे. माझा आक्षेप या ख्यातीवर आहे. शेवट सुखाचा असतो, याला माझी हरकत नाही. शोकांतिकेला आपोआप प्रतिष्ठा बहाल करण्याची आपल्याकडील सवय मला तितकीच आळशी वाटते. माझी हरकत त्या सुखापर्यंत पोहोचण्यासाठी मृत माणसाकडून जे काम करवून घेतले जाते, त्याला आहे.

अमेरिकेत १९८० साली स्थापन झालेल्या प्रणयकादंबरीकारांच्या संघटनेने या प्रकाराची व्याख्या दोन अटींत केली : केंद्रस्थानी प्रेमकथा असावी आणि शेवट भावनिक समाधान देणारा, आशादायी असावा. पामेला रेजिस यांनी २००३ मध्ये प्रणयकादंबरीचे आठ घटक सांगितले. त्यांपैकी एकाला त्यांनी विधिरूप मृत्यूचा क्षण म्हटले आहे : मीलन आता अशक्य आहे असे वाटावयास लावणारा, प्रत्यक्ष मृत्यूची छाया घेऊन येणारा आणि ओलांडला जाण्यासाठीच असलेला क्षण. हे निरीक्षण मार्मिक आहे. पण आपण ज्या कादंबऱ्यांविषयी बोलत आहोत त्यांत मृत्यू विधिरूप नसतो. कोणीतरी खरोखरच मेलेले असते. मग रूपबंधाची ओढ अशी की या खऱ्या मृत्यूलाही विधिरूप मृत्यूचीच भूमिका वठवावी लागते. जो ओलांडता येत नाही तो ओलांडण्याजोगा करावा लागतो. हे कशाच्या साहाय्याने केले जाते? बहुतेक वेळा एका पत्राच्या.

सिसीलिया अहर्न यांच्या ‘पी. एस. आय लव्ह यू’ (२००४) मध्ये मेंदूतील गाठीने मरण पावलेला गेरी पत्नीसाठी महिन्याला एक याप्रमाणे पत्रे ठेवून जातो आणि शेवटच्या पत्रात तिला पुन्हा प्रेम करण्यास भिऊ नको असे सांगतो. जोजो मॉयिस यांच्या ‘मी बिफोर यू’ (२०१२) मध्ये स्वेच्छामरण पत्करलेल्या विलचे पत्र लूला पॅरिसमध्ये वाचावयास मिळते आणि त्यासोबत नवे आयुष्य सुरू करण्यासाठी पैसाही. ‘आफ्टर यू’ (२०१५) या उत्तरभागात ती शोकग्रस्तांच्या समूहात जाऊन बसते आणि दुसऱ्या पुरुषापर्यंत येऊन पोहोचते. हूवर यांच्या ‘रिमाइंडर्स ऑफ हिम’ (२०२२) मध्ये दिशा उलटी आहे, पत्रे जिवंत नायिका मृत प्रियकराला लिहिते. पण कथेची गाठ सुटते ती त्यांपैकीच एका पत्राने. टेलर जेंकिन्स रीड यांच्या ‘वन ट्रू लव्ह्ज’ (२०१६) मध्ये तर मृत समजला गेलेला पती तीनेक वर्षांनी जिवंत परततो, तेव्हा नायिकेचा दुसरा विवाह ठरलेला असतो. येथे तरी खरा पेच उभा राहावा! पण आपण दोघे आता पूर्वीचे राहिलो नाही, हे परतलेल्या पतीलाही यथावकाश उमगते आणि तोही बाजूला होतो. मृत असो वा मृत्यूच्या दारातून परतलेला असो, त्याचे कथेतील कार्य एकच : अनुमती देणे.

या यंत्रणेचे वर्णन करण्यासाठी परकी परिभाषा आयात करण्याची आवश्यकता नाही. भरताने करुण आणि विप्रलंभ यांतील भेद नेमका सांगितला आहे. करुण हा निरपेक्षभाव, विप्रलंभ सापेक्षभाव. एकात भेटीची आशा संपलेली असते, दुसऱ्यात ती शिल्लक असते. नंतरच्या साहित्यशास्त्राने या दोहोंच्या सीमेवर ‘करुणविप्रलंभ’ कल्पिला आणि त्याचे उदाहरण म्हणून विश्वनाथाने बाणाच्या ‘कादंबरी’तील महाश्वेता व पुंडरीक यांचा वृत्तांत दिला. (ज्या ग्रंथाच्या नावावरून मराठीने या साहित्यप्रकाराला नाव दिले तो ग्रंथच मृत्यूनंतरच्या दुसऱ्या संधीचा आहे, हे आपण क्वचितच आठवतो.) पुंडरीक मरतो, चंद्रमंडलातून एक दिव्य पुरुष उतरतो, त्याचा देह घेऊन जातो आणि पुन्हा मीलन होईल असे महाश्वेतेला सांगतो. विश्वनाथाने येथे जाणकारांचे एक मत नोंदविले आहे, ते फार महत्त्वाचे आहे : दिव्यवाणीनंतरच येथे शृंगार संभवतो, कारण तेव्हाच संगमाची आशा निर्माण होते, त्यापूर्वी जे आहे ते केवळ करुणच.

आजच्या कादंबरीतील पत्र ही ती दिव्यवाणी होय. करुणाचे रूपांतर शृंगारात करण्याचे कार्य ते करते. मात्र एक फरक आहे आणि माझ्या मते सर्व गोम त्यातच आहे. महाश्वेतेला जे अभिवचन मिळते ते पुंडरीकाच्याच भेटीचे असते. ती अच्छोद सरोवराच्या काठी तप करीत राहते ते त्याच्यासाठी. आलंबन बदलत नाही. आधुनिक पत्र मात्र शोकाचे आलंबन एक आणि रतीचे आलंबन दुसरे, अशा स्थितीत येते आणि तरीही तो एकच अखंड भावप्रवाह असल्याचा भास निर्माण करते. मृतावरील प्रेम जणू वारसाहक्काने पुढच्या पुरुषाकडे जाते, आणि मृत्युपत्रही मृतानेच लिहिलेले असते.

शृंगार आणि करुण परस्परविरोधी रस मानले गेले, पण एक दुसऱ्याचे अंग झाला तर विरोध राहत नाही, हेही आनंदवर्धनाने दाखविले. त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. रणांगणावर भूरिश्रव्याचा तुटलेला हात पाहून त्याच्या स्त्रिया त्या हाताचे शृंगारातील स्पर्श आठवितात. तेथे शृंगार अंग आहे, करुण अंगी. सुखाची आठवण शोकाला अधिक दुःसह करते. आपल्या समोरच्या कादंबऱ्यांत अंगांगिभाव नेमका उलटलेला आहे. करुण अंग होतो. नायिकेचे दुःख तिला अधिक खोल, अधिक प्रेमार्ह, अधिक ‘पात्र’ करण्यासाठी असते. शोक ही तिची पूर्वतयारी ठरते. फ्रॉइडने १९१७ च्या निबंधात शोकाला ‘कार्य’ म्हटले, हरवलेल्या विषयातून मन सोडवून घेण्याचे कार्य. या कादंबऱ्यांचे सारे मानसशास्त्र त्या निबंधाच्या सुलभ आवृत्तीवर चालते. कन्या सोफी १९२० साली गेल्यानंतर मात्र त्याच फ्रॉइडने १९२९ मध्ये, मुलगा गमावलेल्या लुडविग बिन्स्वांगर यांना वेगळेच लिहिले : त्या जागी काहीही आले, ती पूर्णपणे भरली तरीही, जे आले ते दुसरेच असते, आणि तसेच असणे योग्य आहे. हे पत्रही आहे. पण ते कोणालाही अनुमती देत नाही.

येथे जेन ऑस्टिन यांच्या ‘पर्स्युएशन’कडे वळणे अपरिहार्य आहे, कारण ‘दुसऱ्या संधी’च्या कादंबऱ्यांची मूळ गंगोत्री म्हणून तिचे नाव सर्रास घेतले जाते. ऑस्टिन १८१७ च्या जुलैत वारल्या. कादंबरी त्याच वर्षाच्या अखेरीस, मुखपृष्ठावर १८१८ हे साल घेऊन, प्रसिद्ध झाली. अ‍ॅन इलियटने आठ वर्षांपूर्वी वडीलधाऱ्यांच्या समजावणीमुळे वेंटवर्थला नाकारलेले असते. तो परत येतो, आणि शेवटी एका पत्राने तिला पुन्हा मागणी घालतो. हे पत्र सर्वांच्या लक्षात राहते. आजच्या प्रणयकादंबरीने ते उचलले आहे. पण ते पत्र कोणत्या प्रसंगी लिहिले जाते?

बाथमधील एका खाणावळीच्या खोलीत वेंटवर्थ टेबलापाशी लिहीत बसलेला आहे. खिडकीशी कॅप्टन हार्व्हिल अ‍ॅनला एक छोटी तसबीर दाखवितो. ती बेन्विकची आहे. हार्व्हिलची बहीण फॅनी हिच्याशी बेन्विकचा विवाह ठरला होता. तिच्यासाठी त्याने केप येथे ही तसबीर काढवून घेतली होती. तो समुद्रावर असतानाच फॅनी वारली. आता वर्ष होण्याच्या आतच बेन्विकचे लुइझा मस्ग्रोव्हशी जुळले आहे, आणि तीच तसबीर लुइझासाठी चौकटीत बसवून घेण्याचे काम हार्व्हिलकडे, मृत मुलीच्या भावाकडे, सोपविण्यात आले आहे. त्याच्याने ते होत नाही. म्हणून वेंटवर्थने ते स्वतःकडे घेतले आहे, आणि टेबलापाशी तो जे लिहीत आहे ते त्या चौकटीसंबंधीच आहे. फॅनी इतक्या लवकर त्याला विसरली नसती, असे हार्व्हिल म्हणतो, तेव्हा त्याचे ओठ थरथरतात. या बोलण्यातून स्त्रीपुरुषांच्या एकनिष्ठेविषयीचा तो संवाद सुरू होतो. तो ऐकता ऐकता, त्याच टेबलावर, पहिल्या पत्राच्या आडोशाने, वेंटवर्थ अ‍ॅनला दुसरे पत्र लिहितो.

एका प्रेमाला दुसरी संधी मिळते त्या क्षणी, त्याच खोलीत, दुसऱ्या एका दुसऱ्या संधीची किंमत कोणीतरी मोजीत असते. ऑस्टिन बेन्विकला दोषी ठरवीत नाहीत. त्याचा विवाह सुखाचा होणार नाही असेही सुचवीत नाहीत. पण फॅनीकडून त्याला एका शब्दाचीही अनुमती मिळू देत नाहीत. ती मेली आहे. ती बोलू शकत नाही. तिच्या वतीने दुखावला जाणारा भाऊ मात्र खोलीत उभा आहे आणि त्याच्या हातात तसबीर आहे. कार्ली फॉर्च्यून यांच्या ‘एव्हरी समर आफ्टर’ (२०२२) शी हे ताडून पाहावे. तेथे बारा वर्षे दुरावलेले प्रेमिक नायकाच्या आईच्या अंत्यविधीच्या निमित्ताने भेटतात. आईचा मृत्यू पुनर्भेटीची संधी पुरवितो. आजच्या कादंबरीने ऑस्टिनकडून पत्र घेतले, तसबीर सोडून दिली.

आता या भूमिकेवर घेतला जाईल असा सर्वांत वजनदार आक्षेप. ज्या समाजाने विधवेचे केशवपन केले, तिला आलवण नेसविले, शोक हाच तिचा आजन्म धर्म ठरविला, त्या समाजातल्या समीक्षकाने ‘शोक लवकर संपविला जातो’ अशी तक्रार करावी, हे शोभते काय? मृत पती स्वतःच ‘पुन्हा प्रेम कर’ म्हणत असेल तर त्यात मुक्ती नाही काय?

हा आक्षेप मला मान्य नाही, आणि तो मान्य नसण्याचे कारण आपल्याच इतिहासात आहे. मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) विधवांच्या स्थितीविषयी आहे; तिची नायिका पतीच्या मृत्यूनंतर ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. ती कादंबरी कलादृष्ट्या कच्ची आहे, तिचा प्रचारहेतू लपत नाही. पण दुसऱ्या संधीच्या वाटेत कोण उभे आहे, याविषयी तिच्यात संभ्रम नाही : जिवंत माणसे उभी आहेत. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये शारदा सदनात शिकलेल्या बालविधवेशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे यांच्याशी विवाह केला, तेव्हा बहिष्कार घातला तो मुरूडच्या गावकऱ्यांनी. ‘माझे पुराण’ (१९४४) वाचताना कोठेही असे वाटत नाही की या बाईंच्या वाटेत मृत पतीच्या मर्जीचा प्रश्न होता. हवी होती ती जिवंतांची संमती, आणि ती न मिळताही पुढे जावे लागले. (हा सारा प्रश्न उच्चवर्णीयांचा होता, पाटाची चाल असलेल्या जातींत तो या रूपात नव्हता, आणि आपल्या कादंबरीने त्या चालीकडे दीर्घकाळ पाहिले नाही, हे वेगळे प्रकरण आहे.)

मग स्वतंत्र, कमावत्या, एकविसाव्या शतकातील नायिकेला मृत पुरुषाच्या सहीचे पत्र का लागते? मुक्ती म्हणून जे सादर केले जाते, त्यात पतीचा अधिकार मरणानंतरही चालू राहिलेला नाही काय? फरक इतकाच की हा अधिकार आता उदार झाला आहे. आणि मृत उदार असणे सोयीचे असते, कारण त्याच्याकडून होकार मिळविणे लेखकाच्या हाती आहे. जिवंत सासू, जिवंत दीर, जिवंत मूल यांच्याकडून तो सहज मिळत नाही. मृताची अनुमती ही जिवंतांशी करावयाच्या झगड्यातून काढलेली पळवाट आहे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण ‘रिमाइंडर्स ऑफ हिम’ हेच आहे, आणि ती कादंबरी सामान्य नाही म्हणूनच तिच्यावर थांबले पाहिजे. केना हिच्या हातून झालेल्या मोटार अपघातात तिचा प्रियकर स्कॉटी मरतो. पाच वर्षांच्या तुरुंगवासानंतर ती परतते, ती तुरुंगात असताना जन्मलेल्या मुलीसाठी. मुलगी स्कॉटीच्या आईवडिलांच्या, ग्रेस आणि पॅट्रिक यांच्या ताब्यात आहे. केना ज्याच्या प्रेमात पडते तो लेजर हा स्कॉटीचा जिवलग मित्र आणि त्या आजीआजोबांचा शेजारी. येथे प्रेम, शोक आणि कुटुंब एकमेकांच्या विरोधात खरोखर उभे आहेत : मुलगा गमावलेल्या आईला ज्या स्त्रीने तो गमावविला तिच्या हाती नात द्यावयाची आहे.

आपल्याकडील वाचकाला या पेचाचे कायदेशीर रूप अनोळखी नाही. १८५६ च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्याने विवाहाला मान्यता दिली, पण दुसऱ्या कलमाने पुनर्विवाहित स्त्रीचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क असा संपविला की जणू ती त्या क्षणी मेलीच. आणि तिसऱ्या कलमाने मृत पतीच्या आईवडिलांना, आजीआजोबांना व पुरुष नातेवाइकांना मुलांच्या पालकत्वासाठी न्यायालयात जाण्याची वाट मोकळी ठेवली. हा कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. दुसऱ्या संधीची किंमत मालमत्ता आणि मूल यांत मोजली जाते, हे त्या रूक्ष कलमांना ठाऊक होते. मॉयिस यांच्या कादंबरीत मृताच्या पत्राबरोबर पैसा येतो. १८५६ च्या कायद्यात पुनर्विवाहाबरोबर तो जातो. केनाची स्थिती त्या कायद्यातील विधवेची नव्हे. ती पत्नीही नव्हती, आणि तिच्यावर गुन्हा सिद्ध झालेला आहे. पण मुलावर मृताच्या आईवडिलांचा दावा आणि आईची नवी जोडी, हे दोन्ही समोरासमोर आले की काय होते, हा प्रश्न तोच आहे.

हूवर तो प्रश्न उभा करतात आणि मग सोडून देतात. लेजर ग्रेस आणि पॅट्रिक यांना केनाने स्कॉटीला लिहिलेले, अपघाताच्या रात्रीविषयीचे पत्र ऐकवितो; त्यांचे मन पालटते; दार उघडते. ताब्याचा प्रश्न गैरसमजाचा प्रश्न होऊन जातो. वस्तुतः गैरसमज दूर झाल्यानेही ग्रेसचा मुलगा परत येत नाही. केना निर्दय नव्हती हे कळल्यानंतरचे ग्रेसचे दुःख आधीपेक्षा कमी होईल की अधिक एकाकी होईल, कारण आता रागाचाही आधार उरला नाही? त्या दुःखात शिरण्याची येथे संधी होती.

रॅडवे यांचा दाखला देणाऱ्यांना याविषयी काय म्हणावयाचे आहे, हे मला जाणून घ्यावेसे वाटते. त्यांच्या अभ्यासातील स्मिथ्टनच्या स्त्रियांना वाचनात स्वतःचा वेळ सापडत होता, हे निर्विवाद आहे. परंतु वाचण्याची कृती आणि वाचलेली संहिता या दोन गोष्टी आहेत, हा भेद खुद्द रॅडवे यांनीच केला होता. त्यांच्या मराठी अनुयायांनी त्यातली पहिली ठेवून दुसरी गाळली. आणि केवळ ‘रंजन’ म्हणून हात झटकणाऱ्यांना अहर्न यांची कादंबरी एकदा शेवटपर्यंत वाचावयास सांगावेसे वाटते. पत्रांची ती सारी यंत्रणा वापरूनही त्या शेवटच्या पानावर नायिकेला तयार पुरुष देत नाहीत. शक्यता तेवढी ठेवतात. एकाच साच्यातल्या दोन कादंबऱ्यांत असा फरक का पडतो, हे सांगणे समीक्षेचे काम आहे, आणि ‘साचा’ हा शब्द उच्चारून ते होत नाही.

हूवर यांच्या बाबतीत हा फरक निवेदनाच्या वाटणीतच दिसतो. ‘रिमाइंडर्स ऑफ हिम’चे अध्याय केना आणि लेजर आळीपाळीने सांगतात. प्रेम करणाऱ्या दोघांना ‘मी’ म्हणता येते, मृताला पत्रांतून हाक मारता येते. ज्या बाईचा मुलगा मेला आणि जिच्या होकारावर सारी कथा अडलेली आहे, त्या ग्रेसच्या वाट्याला निवेदनाचा एकही अध्याय आलेला नाही.